बेसण्याचा फळा
आज दहा मे. कूलरमधला जुना वाळा बदलताना त्याचा ओला वास आला आणि काही वर्षांपूर्वीचा संताप पुन्हा उसळला. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मी उष्णतेच्या लाटेचा इशारा टाकला, तो सेक्रेटरीने काढून टाकला. "बेन, हवामानबदल वगैरे थोतांड आहे. बडोद्यात ऊन काय आज पडतंय?" दुसऱ्या दुपारी शेजारचे काका भाजी आणताना फाटकातच कोसळले, कसेबसे वाचले. तर सेक्रेटरी म्हणतो, "उंमर थई, बीजुं शुं?" म्हणे वय झालं, दुसरं काय! मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खडू घेतला. कोणी गेलं की बेसण्याची, म्हणजे शोकसभेची वेळ ज्या फळ्यावर लिहितात, तो सगळे थांबून वाचतात. त्यावर तोच इशारा गुजरातीत लिहिला. "बेन, हा फळा मेलेल्यांसाठी आहे!" सेक्रेटरी ओरडला. मी अक्षरं आणखी ठळक केली.