‘चला’ म्हणजे चला नव्हे

लसूण सोलत बसलो होतो, मी आणि मालन, परदेशात, सेंगकांगला मुलाच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीपुढे. नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम तेच. दीड महिना झाला त्याला. टीव्हीवर अमेरिकेतल्या नवाहो सैनिकांचं काहीतरी चाललं होतं. आम्हाला इंग्रजी कळत नाही, नात ईशा सांगत होती. या लोकांना लहानपणी शाळेत आपली भाषा बोलले म्हणून मार बसायचा, आणि पुढे मोठ्या लढाईत जपान्यांना कळू नये म्हणून सरकारनं त्यांना वायरलेसवर तीच भाषा बोलायला लावली. मालन म्हणाली, “अगं, तुझे आजोबा आणि माझा शंकरदादा हेच तर करायचे.” ईशा हसली, “आजोबा सीक्रेट एजंट? डोन्ट ब्लफ लाह!” थापा नको, असं इथल्या पोरांच्या बोलीत. मालन माझ्याकडे वळून म्हणाली, “चहा च.” म्हणजे चहा कर. आमच्या त्या भाषेत चहाला लपायला जागाच नाही.

च-ची भाषा ती. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथं च घालायचा, काढलेलं शेवटी लावायचं. पाणी म्हणजे चाणी प. मालन आणि शंकर गुरं राखताना बोलायचे. शंकर माझ्याच पलटणीत, दोघंही वायरलेसवर. एकाहत्तरच्या लढाईत तो पुढे खंदकात, मी मागे तोफांपाशी. हिंदीत बोललं की शत्रूला आमच्याआधी कळायचं, वर मधेच घुसून आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. शंकर वैतागून च-ची बोलायला लागला. मला त्यानंच शिकवलेली. साहेब ओरडले, “ये क्या बकवास है?” पण त्या दिवशी आमचा एकही गोळा वाया गेला नाही. मग साहेबच म्हणाले, “यही बोलो.”

एका दुपारी शत्रू शंकरच्या खंदकात उतरला. मला सगळं ऐकू येत होतं. ओरडणं, संगिनी, कुणाच्या तरी गळ्यातली घरघर... मग शंकरचा आवाज आला, भाकरी मागावी तसा. “चोळे ग चाझ्यावर म चाक ट.” गोळे माझ्यावर टाक. मी म्हटलं, पुन्हा बोल. तो म्हणाला, “चाक ट, भडव्या!”

मी तोफवाल्यांना ती जागा सांगितली. तोफा थांबल्यावर हाका मारत राहिलो. नुसती खरखर. नंतर तिथं गेलो तर माती आणि मांस वेगळं करता येत नव्हतं, आपला कोण आणि त्यांचा कोण ते तर सोडाच. शंकरचा एक हात मिळाला, गोंदणावरून ओळखला.

निरोप द्यायला त्यांच्या घरी मीच गेलो. मालननं विचारलं, शेवटी काय बोलला? मी जसंच्या तसं सांगितलं, शिवीसकट. तिनं माझ्या थोबाडीत मारली, आणि मग माझ्याच छातीवर डोकं आपटून रडली. पुढे आमचं लग्न झालं. चारचौघांत अहो म्हणायची. च-ची बोलताना मात्र अरे-तुरे. त्या भाषेत अहो-जाहो तिला कधी जमलंच नाही. मुलाला आम्ही ती कधी शिकवली नाही.

लसूण सोलला त्याच आठवड्यात ती बाथरूममध्ये पडली. डोक्यात रक्त साकळलं. इस्पितळात नाकातोंडात नळ्या, हात बांधलेले, कारण ती नळ्या उपटायची. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही, मशीनवर ठेवायचं का ते तुम्ही ठरवा. नळी काढली तेव्हा ती पुटपुटायला लागली. प्रकाश, माझा मुलगा, कान लावून रडायला लागला. “बाबा, आई ‘चला’ म्हणतेय. निघायची तयारी झाली तिची.”

मी वाकलो. “चला म... चरी घ... चे न.”

“गाढवा,” मी म्हटलं, “मला घरी ने म्हणतेय ती! ऐकू येत नाही का?”

“अहो बाबा, हे शब्द तरी आहेत का?”

“तिच्या भावाचे आहेत. आण गाडी!”

प्रकाशनं सह्या केल्या. घरी आणली, आमच्या पलंगावर निजवली. ईशाला म्हणाली, “चाणी प.” पोरीनं न विचारता चमच्यानं पाणी पाजलं. संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. आधण उकळलं, पत्ती घातली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, “चहा च!” मग थांबलो, वायरलेसवर थांबायचो तसा... मग पुन्हा हाक दिली.