तलावात विष कोणी कालवलं

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस ऊन पडलं नाही. नवव्या दिवशी सकाळी बाबा डोंगा घेऊन तलावात गेले आणि लगेच माघारी आले. "मासोया उलट्या झाल्या," एवढंच म्हणाले.

आम्ही ढिवर. तलाव आमच्या मच्छीमार संस्थेचा, बाबा तिचे अध्यक्ष. मी नुकतीच बी.ए. झालेली, म्हणून संस्थेचे अर्ज मी लिहायची. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोहोचले तेव्हा रोहू आणि कतला पांढरी पोटं वर करून कडेला लागले होते. रडत कोणीच नव्हतं. सगळे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडच्या गावाकडे बघत होते.

त्या गावाशी तलावाच्या ठेक्यावरून आमचं भांडण जुनं. दुपारपर्यंत एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. त्या गावातली दोन माणसं आमच्या पाळीवर उभी होती. फोटो कोणी काढला, कधीचा आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझी खात्रीच पटली होती.

संध्याकाळी माझा मोठा भाऊ आणि त्याचे चारपाच मित्र आमच्या अंगणात बसले. त्यांच्याही बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, विषारी औषध टाकायचं, असं ठरलं. अडचण एकच होती. आमच्यापैकी कोणी त्या गावात शिरला तर लगेच ओळखला जाणार. तेवढ्यात भावाला चाचा आठवले.

चाचा म्हणजे भद्रावतीहून येणारे मासळीचे व्यापारी. साठीचे मुसलमान गृहस्थ. माझ्या लहानपणापासून आमची मासळी तेच नेत. बर्फाच्या पेट्या ठेवलेला छोटा टेम्पो स्वतः चालवत आणि आमच्याकडे येत तसेच पलीकडच्या गावातही जात. त्यांना कोणी अडवत नसे.

दुसऱ्या दिवशी ते आले. मेलेल्या मासळीपाशी वाकून त्यांनी एक मासा उलटून पाहिला. भावाने त्यांना नेहमीसारखं आमच्या अंगणात बसवून आपला बेत सांगितला. मी चहा देऊन तिथेच उभी राहिले.

"एक डबा न्यायचा हाये, चाचा. बाकी आमी पाहून घेऊ."

"टाकताना कोनं पाह्यलं?" चाचांनी विचारलं.

"फोटो हाये ना!"

"फोटोत मानसं हायेत. औषध कुठी हाये? आमच्यात सांगतलं हाये बेटा, कोनी खबर आनली तं पह्यले तपासा. नाई तं बेकसूर मानसाले माराल आन मंग पस्तावाल."

भाऊ चिडला. "तुमच्यात तं जिहाद म्हनते. आन आमालेच शिकवून राह्यले?"

चाचांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "लढाईलेही कायदे हायेत. कोनी अंगावर आलं तं लढा, पन हद्द ओलांडू नका. म्हातारं मानूस, बाई, लेकरू, देवाच्या जागी बसला साधू, याईले हात लावायचा नाई. फळाचं झाड तोडायचं नाई. खायाले लागत नसन तं जनावर मारायचं नाई. दुश्मनाच्या मुलखातही हेच. आन हे तं तुमचे शेजारी हायेत."

मी मध्येच विचारलं, "आन पानी? पान्यात विष टाकलं तं?"

ते म्हणाले, "खरं सांगू? यावर जुन्या आलिमांचं, धरमाच्या जानकारांचं, एक मत नाई. काईंनी लढाईत दुश्मनाचं पानी तोडाले परवानगी देल्ली. विष मात्र नाई, असं माहे उस्ताद सांगत. मी त्यायचं मानतो. डबा माह्या गाडीत चढनार नाई."

त्यांनी खोटं बोलून सोपं उत्तर दिलं असतं, तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. पण 'एक मत नाही' हे शब्द माझ्या डोक्यात अडकले. या माणसाला पाण्याबद्दल, विषाबद्दल इतकं कसं माहीत? दोन गावं भांडली आणि मासळी पडेल त्या भावाने विकावी लागली, तर फायदा कोणाचा? टेम्पोत सीटच्या मागे ठेवलेला निळा कॅन मी कितीदा पाहिला होता. त्यात काय असतं ते कधी विचारलं नव्हतं. ते गेल्यावर मी भावाला कॅनबद्दल सांगितलं. सांगताना मला आपण हुशार असल्यासारखं वाटत होतं.

तासाभरात ती गोष्ट गावभर झाली. त्यात कोणीतरी बातमी आणली की चाचांचा टेम्पो इथून निघाला तो थेट पलीकडच्या गावात गेला. "पाह्य, म्हनलं होतं ना!" भाऊ म्हणाला. डब्याची गोष्ट मागे पडली. आता पोरं चाचांची वाट बघत रस्त्यावर उभी राहिली.

टेम्पो दुपारी परत आला. पोरांनी तो पाळीजवळ अडवला. आत त्या गावचे दोन म्हातारे बसले होते. फोटोतले तेच दोघं. ते उतरले आणि बाबांकडे आले.

त्यातला एक म्हणाला, "भाऊ, आमच्याही मासोया मेल्या. त्याच दिवशी. आमच्या पोट्टेयनं तुमचंच नाव घेतलं. हे चाचा आले नसते तं आज रात्री काय झालं असतं, मी सांगत नाई. फोटो तं मागच्या पोयाच्या सणाचा हाये, हरवलेलं जनावर हुडकाले आल्तो आमी."

पोरं टेम्पोसमोरून हटली. चाचा त्या गडबडीतून बाजूला झाले. त्यांनी सीटमागचा निळा कॅन काढला, मोहाच्या झाडाखाली बसून त्यातल्या पाण्याने हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले आणि दस्ती अंथरून नमाजाला उभे राहिले. मी भावाकडे पाहिलं. त्याने मान वळवली.

बाबांनी म्हाताऱ्यांना घरी आणून खाटेवर बसवलं. यापुढे काही झालं तर आधी एकमेकांना निरोप द्यायचा, असं ठरलं. ते मीच कागदावर लिहिलं. भावाने चाचांना विचारलं, "आन यायनं फसवलं तं?"

"समोरचा समझौत्याले झुकला तं आपनही झुकावं. फसवन का, ही शंका मनात ठेवूनही झुकावं. पुढचं अल्ला पाह्यते, असं आमच्यात हाये."

पुढे मत्स्य खात्याचे साहेब येऊन पाणी घेऊन गेले. ढगाळ हवेत पाण्यातला प्राणवायू कमी होतो, त्यानेही असं घडतं, म्हणाले. अहवालात विषाचा उल्लेख नव्हता, पण नक्की कारणही नव्हतं. माझा भाऊ अजूनही म्हणतो, "काईतरी होतंच."

चाचा पुढच्या आठवड्यात आले, पण टेम्पो सडकेवरच थांबला. टोपल्या तिथपर्यंत आम्हीच न्यायच्या, असं त्यांनी बाबांना कळवलं. मी चहा घेऊन गेले आणि धीर करून कॅनची गोष्ट माझ्याकडूनच पसरल्याचं सांगितलं.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तू विचारलं असतं तं झाकन उघडून दाखवलं असतं, बेटा."

"मंग आता घरी काऊन नाई येत?"

त्यांनी चहा घेतला, पूर्ण प्यायले, कप माझ्या हातात दिला. "रागानं नाई. पन आता मी तुमच्या अंगनात बसलो तं सारखं वाटते, कोनीतरी माह्या गाडीत वाकून पाहून राह्यलं. सडकेवरच बरं."

त्यानंतर चार वर्षं ते येत राहिले. आमच्या अंगणात पुन्हा बसले नाहीत.