मास्तरांच्या दारातली रिकामी बादली

त्या चार मजली इमारतीतला कचरा मावशी अठरा वर्षं उचलत होती. कोणाच्या घरात काय शिजतंय आणि काय बिनसलंय, हे तिला बादलीवरून कळायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेल्याचं तिनं सासूच्या आधी ओळखलं होतं. या विद्येचा तिला गर्वच होता म्हणा ना.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा कचरा घटायला लागला, तेव्हा तिला चैन पडेना. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि त्यांची बायको, घरात माणसं दोनच. पण बादली रोज काठोकाठ भरायची. ती अर्ध्यावर आली, मग मूठभर कागदांवर, आणि मग सलग चार दिवस नुसतीच रिकामी.

"आजारी-बिजारी आहात का?" तिनं विचारलं.

"छे, ठणठणीत!" म्हणत मास्तरांनी दार लावलं. जरा जास्तच घाईनं.

झालं, मावशीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जेवत नाहीत की काय? तोवर टेम्पोतून त्यांचं कपाट गेलं. मग चार खुर्च्या, मग शिलाई मशीन. गुपचूप गाशा गुंडाळताहेत? कोणाला चुकवून? जिना झाडता झाडता तिनं दाराला कान लावला. आत दोघं खदखदून हसत होती. तिचा संशय आणखीच बळावला.

अशातच इमारतीमागे, पाण्याच्या टाकीआड, काळ्या पिशव्यांचा ढीग सापडला. सेक्रेटरींनी सगळ्यांना खाली बोलावलं.

"एका घरातून हल्ली कचराच निघत नाही. मग तो जातो कुठे, एवढंच मला सांगा," ते म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मावशीनं तर जोरजोरात मान डोलावली.

मास्तरांचा चेहरा पडला. "वर चला. घर बघा माझं."

बाकी कोणी जागचं हललं नाही. मावशी मात्र तरातरा जिना चढली.

घर ओळखू येत नव्हतं. दोन खुर्च्या, मांडणीवर दोन ताटं, एका खुंटीवर दोन कापडी पिशव्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत भोकं पाडलेला मातीचा माठ. आता घाण वास येणार म्हणून तिनं पदर नाकाला लावूनच झाकण उचललं. आत काळीभोर माती होती आणि तिच्यात अंड्याच्या टरफलांचे तुकडे.

"भाजीची सालं, चहाचा चोथा, सगळं त्यात जातं, त्याचं खत होतं," मास्तरांची बायको म्हणाली. "माझे थोरले दीर गेले ना, त्यांचं घर आवरायला आम्हाला सात आठवडे लागले. एकवीस छत्र्या निघाल्या गं! तेव्हाच ठरवलं, आपल्यामागे कोणाला असं उपसायला लावायचं नाही."

"मग लपवलंत कशाला?"

"हे दुकानात घरचे डबे घेऊन जायला लागले, तर दुकानदार म्हणाला, मास्तर, वय झालं तुमचं. अजून कोणाकोणाचं हसू ऐकायचं?"

मावशीला पटलंही आणि नाहीही. मग टाकीमागचा तो ढीग कोणाचा? ती खाली आली आणि तिनं सरळ एक पिशवी सोडली.

आत मोठ्या माणसांचे डायपर होते, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. पाठीच्या जखमांवर लावायच्या मलमाच्या ट्यूबा होत्या. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं हिरव्या शाईनं सोडवलेलं. अक्षरं थरथरत चौकटींच्या बाहेर गेलेली. हिरवी शाई इमारतीत एकच माणूस वापरायचा, सेक्रेटरींचे वडील. आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवणारे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ताठ मानेनं जिना उतरणारे. दोन महिन्यांपूर्वी ते लेकीकडे गेले, असं सेक्रेटरीच सांगत होते.

तिनं वर पाहिलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"कोणाचं आहे गं?" मागून कोणीतरी विचारलं.

मावशीनं पिशवी बांधली. "मास्तरांचं नाही. त्यांचं घर मी बघून आले."

"मग कोणाचं?"

"ओळखू येत नाही."

यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघत घरी गेला.

दुपारी सेक्रेटरींनी तिला जिन्यात गाठलं. "बाबा घरातच आहेत, अंथरुणाला खिळलेत. त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, बाकी कोणाला कळलं तरी चालेल, पण मावशीला कळता कामा नये. तुझी फार धास्ती होती त्यांना."

मावशीनं हातातला झाडू खाली ठेवला. आपली कोणाला धास्ती वाटत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"उद्यापासून पिशवी दारातच ठेवा," ती म्हणाली. "मी उघडणार नाही. आणि आधी मास्तरांची माफी मागा."

त्यांनी मागितली, कारण काही न सांगता. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात तिची वाटच बघत होते.

"काय गं, हा सेक्रेटरी एकदम एवढा गोड का झाला? याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे बघ."

मावशीनं खांदे उडवले आणि ती पुढच्या दाराकडे वळली.