तिन्हीकडची गळती

आमच्या ड्रायव्हरचा, अंकुशचा फोन आला तेव्हा मी दूध संस्थेच्या गाड्यांच्या कामांची यादी करत होते. "ताई, मुनीरचाचा गेले. पहाटं... झोपेतच." यादीत चौथ्या ओळीवर त्यांचंच नाव होतं. यादी त्या दिवशी तिथंच अर्धी राहिली. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं. त्याला आता महिना उलटला. गेवराईच्या हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेल्या या माणसाची एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळात आमच्या संस्थेनं सिंदफणेच्या पलीकडं जनावरांची छावणी उघडली होती. नदी कोरडी, पात्रात वाळूच वाळू. साधे टँकर रुतायचे. चारी चाकांनी ओढणारा आमचा एकच ट्रक होता, लष्कराच्या लिलावातला, वयानं माझ्याहून थोडाच लहान. त्यावर टाकी बसवून दिवसाला तीन खेपा व्हायच्या. मी नवी सचिव, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. बाईमाणसाला गाड्यांतलं काय कळतं, असं निम्म्या संचालकांचं मत. आणि पंधरा दिवसांतच ट्रकखाली तेलाचे डाग दिसायला लागले. गळत होती ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरबॉक्समागची पेटी. तेल संपलं असतं तर आतले दाते झिजून ट्रक वाळूतच बसला असता आणि छावणीचं पाणी तुटलं असतं. एका संचालकाच्या ओळखीच्या गॅरेजनं तेल अडवणारं मागचं रबरी सील दोनदा बदललं, दोन्ही वेळा दोन दिवसांत तेल परत हजर. शेवटी बैठक ठरली. विषय एकच : ट्रक विकून छावणी बंद करायची का?

मी मुनीरचाचांकडं गेले तीही यादी घेऊनच. पेटी उतरवणे, सगळी सील बदलणे, नवं तेल भरणे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. "ताई, हे तर औषध झालं. आजार कुठं लिवलाय?"

"वेळ नाही चाचा. खेपा थांबल्या तर..."

"कावून थांबवायच्या? करा की खेपा. मी बी येतो."

आधी पेटी पाण्यानं धुवून घेऊ म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. "जनावराच्या तोंडचं पाणी लोखंडाला पाजू का?" डिझेलच्या चिंधीनं पेटी पुसून कोरडी केली आणि मला विचारलं, "तोंडाला लावायची पावडर हाय का?" माझ्या पर्समधला आख्खा डबा त्या पेटीवर गेला. ड्रायव्हर अंकुश हसायला लागला. "चाचा, म्हाताऱ्या ट्रकचं लगीन काढलं का काय?"

"तुझं जमंना, म्हणून याचं उरकतो बे. काढ गाडी."

एक खेप करून आल्यावर त्यांनी गोणपाट अंथरलं. "या, वाकून बघा. कागदावर दिसत न्हाई हे." मी पदर खोचून ट्रकखाली शिरले. पांढऱ्या पावडरीवर तीन ओले ओघळ होते, पुढून, मागून आणि गिअरच्या दांड्यापाशी. "सील फाटलं असतं तर एकीकडूनच गळलं असतं. तिन्हीकडून गळतंय, म्हंजे आतून कुणीतरी ढकलतंय." तेल भरायचा बोल्ट त्यांनी जरासा सैल केला, तशी फुस्सकन हवा सुटली. मग त्यांनी पेटीच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथं पेराएवढी टोपी होती, आतली तापलेली हवा बाहेर सोडणारी. तिच्यावर काळ्या रंगाचा जाड थर बसला होता.

छावणीच्या उद्घाटनाआधी ट्रक खालून-वरून रंगवून घेणे, हे माझ्याच यादीतलं काम. पेंटरला "इंचभरही सोडू नका" म्हणाले होते मीच. मी सांगायला तोंड उघडलं. चाचांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, काय ते ओळखलं आणि तारेनं रंग खरवडायला घेतला. टोपी मोकळी झाली, दबावानं सैल झालेली सील बदलली, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही खेपांनंतर पेटी कोरडी होती.

बैठकीत अध्यक्षांनी कारण विचारलं. मी उठायच्या आत दाराशी उभे असलेले चाचा बोलले, "धूळ बसलती साहेब. उन्हाळ्याआधी गाडी माझ्याकडंच सर्व्हिसिंगला आलती. टोपी साफ करायची माझ्याकडनं राह्यली." त्यांना सगळ्यांसमोर झापण्यात आलं. पुढं वर्षभर संस्थेची एकही गाडी त्यांच्या शेडला लागली नाही. छावणी पाऊस पडेपर्यंत चालली, माझी नोकरी त्यानंतरही... आणि मी गप्प बसले. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मला दुसऱ्या गाड्या हायत. तुमाला दुसरी नोकरी हाय का?"

मागच्या आठवड्यात चाचींना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली तसबीह, जपाची माळ, बाजूला ठेवली. "आमाला कदी बोलले न्हाईत," म्हणाल्या. "एवढंच म्हणायचे, ती ताई गाडीखाली वाकून बघती." संस्थेलाही मी लेखी कळवलंय आणि इथंही लिहिते : टोपी धुळीनं बुजली नव्हती, माझ्या रंगानं बुजली होती. मुनीरचाचांकडून काहीही राहिलं नव्हतं.

आज सकाळी संस्थेच्या नव्या टँकरखाली मी गोणपाट अंथरलं. अंकुश आता पिकल्या मिशांचा झालाय. म्हणाला, "ताई, गुडघं दुखतेत ना तुमचं? सरका, मी बघतो."

"तूही ये," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं खाली वाकलो.