कोरडं चालतंय

भाकरीचा तुकडा तिच्या तोंडापाशी गेला होता. ठेचा लावलेला. तेवढ्यात तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"अगं, तू देवगावची ना? भीमनगरातली?"

मी म्हणलं, "व्हय वहिनी."

आन् काय सांगू, मला आनंदच झाला. एवढ्या गर्दीत गावचं माणूस भेटलं म्हणून हसले मी. दात काढून हसले. देवगाव रंगारीतल्या मोठ्या घरच्या सूनबाई त्या. त्यांच्याच शेतात माझ्या आईची हयात गेली. आता शहरात बंगला, नवऱ्याला मोठी नोकरी. त्याही हसल्या. आन् हसत हसत तो तुकडा परत ताटलीत ठेवला. कागदी रुमालानं बोटं पुसली, एकेक करून.

"बरं वाटलं गं तुला बघून," त्या म्हणल्या. "भाकरी नको, पोट भरलंय. थोडं पीठ दे बांधून. कोरडं चालतंय."

मी पीठ बांधून दिलं. पुडीला दोरा गुंडाळून गाठ पक्की मारली. वर म्हणलं, "परत या हं वहिनी." थू माझ्या जिंदगानीवर.

कोरडं चालतंय म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं नाही त्याला सांगावं लागतं. माझी आई त्यांची ज्वारी खुडायची, उफणायची, निवडायची, पोती भरायची. तिथवर तिचे हात चालायचे. त्याच ज्वारीच्या पिठात पाणी पडलं की आईचे हात चालायचे नाहीत. कोरड्या दाण्याला विटाळ नाही, ओल्या पिठाला विटाळ. दुसऱ्यांच्या आया लेकराला सांगतात, चुलीला हात लावू नको, भाजंल. माझी आई सांगायची, त्यांच्या ओल्याला हात लावू नगंस. मला वाटलं होतं, हे सगळं गावातच राहिलं. शहरात, एवढ्या मोठ्या हॉलात, खाली लाल गालिचा, वर झगमगाट, तिथं कसला आलाय विटाळ?

प्रदर्शन जालना रोडला होतं. सोफे, फ्रीज, सोलर, लोणची, काय म्हणाल ते. आमचं टेबल घरघंटीचं. घरच्या घरी दळायचं यंत्र. मी लोकांसमोर ज्वारी दळायची, तिथंच पीठ मळायचं, भाकरी थापायची आन् गरम गरम चाखायला द्यायची. भाकरी आवडली की माणूस यंत्राकडं बघतं, असं दुकानाच्या सरांचं म्हणणं. प्रदर्शन नीट पार पडलं तर तुम्हाला शोरूमला कायम करतो, असा शब्द त्यांनी दिला होता. कायम. तोवर मी मंगल कार्यालयात खरकटी भांडी घासलेली, कंपनीत रोजंदारी केलेली. आज काम, उद्या घरी बस. त्या एका शब्दासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. केलंच की.

सर बाजूलाच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. वहिनी गेल्यावर जवळ आले.

"तुम्ही आधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं होतं सर?"

ते इकडंतिकडं बघायला लागले. मग म्हणले, "माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं. तुम्ही असं करा, पडद्याच्या मागे बसा. भाकऱ्या तिथं करा. पुढं प्राजक्ता देईल."

प्राजक्ता म्हणजे त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी. तिला बापजन्मात भाकरी थापता येत नव्हती. तिला माझा एप्रन घातला, पुढ्यात परात दिली. ती बिचारी मला डोळ्यांनी म्हणत होती की माझा काय दोष. परात उचलायला मीच तिला मदत केली.

बघा गंमत. म्हणजे माझं ओलंही चालत होतं. माझ्याच हातचं मळलेलं, माझ्याच हातचं थापलेलं, लोक मिटक्या मारत खात होते. फक्त हात दिसायला नको होते.

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. नाय उठले. यंत्राच्या रिकाम्या खोक्यांमध्ये बसून भाकऱ्या करत राहिले. नुसत्या केल्या नाहीत, जास्त जीव ओतून केल्या. काठ फाटू नये, डाग पडू नये. सरांनी म्हणावं, बाई कामाची आहे, राग धरत नाही. आज हे सांगताना अंगावर काटा येतो, पण खरं तेच आहे. मारलेल्या माणसानं मारणाऱ्याच्या हाताला लागलं का विचारावं, तसली माझी गत.

उन्हं कलल्यावर पडद्यापलीकडं ओळखीचा आवाज आला. माझी सासू. मी तिला आत्या म्हणते.

"माझी सून हाय इथं. भाकऱ्या करती."

सर म्हणले, "तशी कुणी नाही इथं, आजी. भाकरी या ताई करतात."

"असं व्हय? मग दुकान चुकलं असंल. माफ करा साहेब."

पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. पडेगावातून रिक्षा बदलत एकटी आली होती. विहारात जायची पांढरी साडी नेसून, इस्त्री करून. मीच आख्ख्या गल्लीला सांगितलं होतं ना, मला पार मधोमध बसवलंय, बघायला या म्हणून. आणि माझे हात पिठात. आणि माझ्या मनात काय आलं असंल? जाऊ दे तिला. घरी गेल्यावर सांगू, चहाला गेले होते.

ती वळली. वळताना परत एकदा सरांना हात जोडले तिनं. ज्यानं तिची सून नाही म्हणून सांगितलं, त्याचीच माफी मागत होती. मी लपले म्हणून. तेवढं मला सोसलं नाही.

पडदा सारला. "आत्या, मी हाय इथं."

तिनं माझ्या पिठाच्या हातांकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं. प्राजक्तापुढच्या परातीकडं बघितलं. तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. तिची मान खाली गेली. तिनं काय केलं होतं म्हणून तिची मान खाली जावी?

"अहो, काय चाललंय?" सर दबक्या आवाजात म्हणले. "आत व्हा."

"दुपारपासून आतच होते," मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. "तुम्ही सगळ्यांनी खाल्लेल्या भाकऱ्या माझ्या हातच्या. मी देवगावच्या भीमनगरातली. बौद्ध. ज्याला चालत नसंल त्यानं ताटली खाली ठेवावी."

दोघी-तिघींनी ठेवल्या. एक माणूस चावत राहिला, पण त्यानं वर बघितलं नाही. मला वाटलं होतं, एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांत एक तरी म्हणंल, बाई, दे मला अजून चतकोर. शेजारच्या टेबलावर गाणी चालू होती, ती तेवढी ऐकू येत होती.

मी प्राजक्ताला उठवलं. आत्याला तिच्या खुर्चीवर बसवलं, सगळ्यांसमोर एक भाकरी थापली, आतल्या तव्यावर भाजून आणली आन् आत्याच्या हातात दिली. तिला घास गिळता येईना. एप्रन तर माझ्या अंगावर नव्हताच, मग काढून ठेवायला काही नव्हतं. तशीच निघाले.

रिक्षात आत्या म्हणली, "काम गेलं ना गं?"

"गेलं."

"मग गप बसायचं. मी आले तशी गेले असते."

मला तिच्यावर चिडता आलं नाही. जन्मभर तिनं तेच केलं होतं, आले तशी गेले. माझ्या आईनंही तेच केलं. आन् त्या दुपारी खोक्यांत बसून मीही तेच करत होते, तेही सरकारी शाळेत दहावी होऊन, बाबासाहेबांचा फोटो घरात लावून. वहिनीनं मला बाटवलं नाही, सरांनी मला लपवलं नाही. लपले मी. ही लाज दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकता येत नाही, लई प्रयत्न केला.

परवा विद्यापीठाकडच्या एका खानावळीत काम आहे म्हणून कळलं. शंभरेक पोरांचा स्वयंपाक. गेले. मालकीणबाई घाईत होती. म्हणली, "ते ज्वारीचं पोतं पडलंय, निवडायला घे आधी, मग बघू."

मी पोत्याला हात लावला नाही. दारातच उभी राहिले आन् तिला माझं आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, वस्ती सांगितली. म्हणलं, "माझ्या हातची भाकरी वाढणार असाल, तीही पोरांसमोर थापून, तर ज्वारी निवडते. नाहीतर तुमच्या एका दाण्यालाही हात लावायची नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही नजर काढली नाही. हो म्हणो नाहीतर नाही म्हणो, उत्तर तिनं मोठ्यानं द्यायचं, आन् मी उंबऱ्याबाहेर ताठ उभं राहून ऐकायचं.