तळ्याकाठचं ऊन

सुरतेला माणसं नव्या साड्या आणायला जातात. मी यंदा जुन्या साड्यांवर बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, घालायला गेले. होळी झाली आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, सुरतेतल्या डिंडोलीहून फोन आला. "मी ज्वारी भिजत घाली दिन्ही. येवानं व्हई ते आते ये." आम्हा खानदेशी बायकांत हे आमंत्रण नसतं, हुकूम असतो. ज्वारी आंबायला तीनेक दिवस लागतात. तेवढ्यात रजा काढली आणि नाशिकहून निघाले.

सकाळची एस.टी. घ्या. वणी, सापुतारा, वघई असा रस्ता आहे, तिकीट चार-पाचशेच्या आत, आणि संध्याकाळच्या आत सुरत. पोटाची खात्री नसेल तर घाटाआधी काही खाऊ नका. मी वणीला मिसळ खाल्ली आणि वघईपर्यंत देवाचं नाव घेत बसले. तरी सुरतेच्या स्टँडबाहेर लोचो दिसल्यावर सगळं विसरले. हरभरा डाळीचा, वाफाळता, वर तेल आणि शेव. तिथून डिंडोलीकडे सिटी बस मिळते. उधना मागे पडलं की कानावर मराठी यायला लागतं आणि आपण गुजरातेत आहोत हेच विसरायला होतं.

आक्काचं घर डिंडोलीला लागून, नवागामच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक खिडकी. खिडकीतून हात काढला तर समोरच्यांच्या भिंतीला लागेल. भर दुपारी ट्यूबलाइट. भाऊजींचं सगळं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं आणि त्या खडखडाटात कानही गेले. ते मोठ्याने बोलतात आणि त्यांना वाटतं आपण हळू बोललो. त्यांची कुजबुज खालच्या किराणावाल्याला ऐकू जाते.

जेवायला कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि नवरा-बायकोचं भांडण असा बेत होता. विषय जवळच्या तळ्याचा. काठची जागा सरकारी, म्हणजे पालिकेची. ती सांभाळायला खाजगी ठेकेदाराला द्यायची असा विचार चालला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालिकेची माणसं गल्लीतल्या लोकांना मत विचारणार होती.

"सरकारी म्हणजे आपली," भाऊजी म्हणाले.

"आपली म्हणजे कोणाचीच नाही," आक्का म्हणाली. "म्हणून तर दिवे बंद, फरशा उखडलेल्या. थंडीत तुम्ही पडना, तव्हा कोण उना उचलाले?"

भाऊजींचा गुडघा तेव्हापासून सुजलेला आहे. पहाटे फिरायला जातात, पण काठी घेऊन आणि आक्काचा जीव टांगणीला लावून. मी अर्थातच आक्काच्या बाजूची. आमच्या सोसायटीची बाग खाजगी माणसं सांभाळतात, पान पडलेलं दिसत नाही, असं मी ऐटीत सांगितलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहून ताटात आणखी एक भाकरी वाढली. पाहुणीशी वाद घालायची ही त्यांची पद्धत.

पहाटे पातेलं चढलं. ज्वारीचा घाटा हाटताना दोघींचे खांदे भरून आले. लसूण, तीळ, मिरची, जिरं. गरम घाटा वाटीत घेऊन वर कच्चं तेल घालून खा, मग मला सांगा जगात दुसरं काय खायचं असतं. उजाडताच पातेलं घेऊन तळ्यावर. पायऱ्यांवर गल्लीतल्या बायकांच्या ओल्या साड्या आधीच अंथरलेल्या होत्या, कुणाच्या कुरडया, कुणाच्या नागलीचे पापड. आक्काने बिबडी थापली आणि तोंड वर करून डोळे मिटले. ऊन चेहऱ्यावर घेत नुसती बसून राहिली. माहेरच्या ओट्यावर अशीच बसायची. भाऊजी काठी घेऊन कावळे हाकत होते.

संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर सभा भरली. ठेकेदाराकडून एक तरुण आला होता, गोड बोलणारा. दिवे, नवी फरशी, बाकं, पहारेकरी, फिरणाऱ्यांसाठी पास. आक्का उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आमचे हे इथे पडले. मला रस्ता नीट पाहिजे. द्या ठेक्याने, माझी ना नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "और पापड?"

"पापड नहीं चलेगा बेन," तो हसून म्हणाला. "गार्डन का लुक खराब होता है."

सगळ्या बायकांनी आक्काकडे पाहिलं. तिने पदर सावरला. "चालेल," ती म्हणाली. "मी घरात वाळवीन. पंख्याखाली."

भाऊजी माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्या कानाशी वाकले आणि आपल्या मते अगदी हळू म्हणाले, "तिला वाटतं मला कळत नाही. माझ्या गुडघ्यासाठी ती हे ऊन देऊन टाकतेय. घरात तिला वर्षानुवर्षं ट्यूबलाइट दिली मी. एवढं एक ऊन आहे तिचं. मी काठीने चालेन ना."

सभेतल्या शेवटच्या माणसानेही मान वळवून पाहिलं. आपलं बोलणं सगळ्यांनी ऐकलं हे भाऊजींना कळलंच नव्हतं. ते शांतपणे समोर बघत होते. आक्का मटकन खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

मग हात वर करायची वेळ आली. दिव्यांसाठी, म्हणजे ठेक्यासाठी, बरेच हात वर झाले, जागा पालिकेकडेच राहावी म्हणूनही तेवढेच. एक म्हातारी म्हणाली, दिवे पालिकेनेच लावावेत आणि पापड आपले राहावेत, ते काय अवघड शे? लोक हसले. निकाल काही लागला नाही, पालिकेची माणसं वर कळवतो म्हणाली. आक्का-भाऊजींनी दोन्ही वेळा हात वर केला नाही. घरी जाताना तिने त्यांचा दंड धरला होता, उखडलेल्या फरशा आल्या की ती आधी पाय टाकून बघायची.

नाशिकला आल्यावर डबा उघडला तर बिबड्या मऊ पडलेल्या. सुरतेची हवा दमट, अजून एक कडक ऊन हवं होतं. गॅलरीत साडी अंथरली. अर्ध्या तासात खालून वॉचमनचा फोन, मॅडम, गॅलरीत वाळवण घालायचं नाही, नियम आहे. खाली बागेत गेले, तर तिथल्या माणसाने हात जोडले. हप्ते फेडून घर माझं झालंय, बागेच्या देखभालीचे पैसे मी दरमहा भरते, आणि ताटभर बिबड्यांना ऊन द्यायला माझ्याकडे जागा नव्हती.

आक्काला फोन लावून सगळं सांगितलं. तळ्याचं काय झालं तेही विचारलं. अजून काही कळलेलं नाही. मागे भाऊजी कुणाला तरी कुजबुजत होते, मला नाशिकपर्यंत ऐकू येत होतं.

"मंग आठेच लई ये त्या बिबड्या," आक्का म्हणाली. इथेच घेऊन ये म्हणे. "आठे अजून ऊन शे."