वरडायचं काम

कारखान्यात जड मशिनी उतरवणाऱ्या आमच्या टोळीचा मुकादम ओझं जमिनीला टेकेपर्यंत तंबाखू नुसती मळतो, खात नाही. दांडग्याला पहार देतो, चिवटाला दोर. मला म्हणाला, "बाबा, तुमी लांब उभं राहून वरडायचं. काकू होती तवा तुमचा आवाज पार मळ्यात ऐकू यायचा."

बायको गेल्यापासून माझा आवाजच निघत नव्हता.

ट्रकवरून मशीन उतरताना उताराची फळी करकरली. दोरवाल्यांना दिसत नव्हतं, पण खालच्या गड्याचा पाय फळीत अडकला होता. मी तोंड उघडलं. मुकादम मशिनीकडं नाही, माझ्याकडंच बघत होता.

"थांबा रं!"

दोर जागच्या जागी ताणले, पाय निघाला. मशीन जमिनीला टेकली, तशी मळलेली तंबाखू मुकादमानं आधी माझ्या हातावर ठेवली.